कोरियन कॉमिक्सची तिकिटं घ्यायची आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे आणि दिवसभर मोबाइलवर कोरियन वेबटून, म्हणजे ऑनलाइन कॉमिक्स, वाचते. कोरियाच्या पोस्टानं कॉमिक्सवर तिकिटं काढली आहेत असं तिला कुठून तरी कळलंय. वाढदिवसाला तीच द्यावीत असा विचार आहे. पण ऑनलाइन शोधलं की ‘कोरियन कॉमिक स्टॅम्प’ या नावाखाली काहीही दिसतं. खरी कोणती, घ्यायची कोणती, आणि पुढेमागे ती प्रदर्शनात मांडता येतील का?

मी २८ वर्षं व्यंगचित्रं आणि कॉमिक्स याच एका विषयाची तिकिटं जमवतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. घाई असेल तर एवढंच वाचा: पहिल्या दिवशी दोनच तिकिटं घ्या, दूलीचं १९९५चं आणि गोबाऊच्या पन्नाशीचं. दोन्ही तिथली गाजलेली कॉमिक-पात्रं. बाकीची आपोआप येतात. दिसेल ते विकत घेत सुटलात, तर सहा महिन्यांत अल्बम भरतो आणि मुलगी कंटाळते. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

हीच दोन का, ते सांगतो.

कोरियन भाषेत कॉमिक्सला ‘मानह्वा’ म्हणतात. जपानी ‘मांगा’ आणि हा शब्द एकाच चिनी अक्षरजोडीतून आलेले. वर्तमानपत्री व्यंगचित्राची तिथली सुरुवात २ जून १९०९ची धरतात. त्या दिवशी ‘देहान मिनबो’ या पत्रात ली दो-योंग यांचं चित्र छापून आलं. म्हणजे परंपरा शंभरीच्या पुढची. पण सरकारदरबारी या चित्रांकडे फार काळ वाकड्या नजरेनंच पाहिलं गेलं. १९६०-७०च्या दशकांत तिथं ५ मेच्या बालदिनाच्या सुमारास ‘मुलांना बिघडवणारी’ कॉमिक्स गोळा करून त्यांची जाहीर होळी व्हायची. हो, बालदिनालाच! मुलं भाड्यानं कॉमिक्स वाचायची त्या ‘मानह्वाबांग’ दुकानांवरही डोळा असायचा. पुढे १९९६मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणाच्या नावाखाली कायदा येऊ घातला, तेव्हा चित्रकार सोलच्या योइदो भागात निषेधासाठी जमले. त्याची आठवण म्हणून ३ नोव्हेंबर हा तिथं मानह्वा दिन असतो. ली ह्यून-से हे तिथले फार मोठे नाव, पण अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांनाही वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयातून ते सुटले ते थेट २००३मध्ये.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा. दूलीचं तिकीट १९९५चं. म्हणजे सरकारचा एक हात कॉमिक्सला पोस्टाच्या तिकिटावर बसवत होता आणि दुसरा त्याच सुमाराला चित्रकारांना कोर्टात उभं करत होता. मला या तिकिटांची गोडी लागली ती यामुळे. चित्र गोंडस आहे म्हणून तिकीट घेतलं तर ते एक गोंडस चित्रच राहतं.

दूलीकडे येऊ. दूली हा हिरवा, जीभ बाहेर काढणारा बाळ-डायनोसॉर. किम सू-जंग यांनी तो एप्रिल १९८३मध्ये ‘बोमुलसम’ या मुलांच्या मासिकात आणला. बर्फाच्या लादीत गोठलेला हा प्राणी वाहत वाहत सोलमध्ये येतो आणि स्साँगमुन-दोंग वस्तीतल्या गो गिल-दोंग नावाच्या साध्या नोकरदार माणसाच्या घरी बिऱ्हाड ठोकतो. घर उद्ध्वस्त करतो, गिल-दोंगला उलट बोलतो, त्याच्या नाकी नऊ आणतो. डायनोसॉरच का? तर त्या काळच्या सेन्सॉरला मोठ्यांना उलट बोलणारं माणसाचं पोर चालत नव्हतं. चित्रात मुलानं नीट वागलंच पाहिजे. मग किम यांनी पोराचा प्राणी केला आणि त्याच्या तोंडून सगळं बोलून घेतलं. तुमच्या मुलीला हे सांगा, आणि मग ते तिकीट तिच्या हातात द्या. ती त्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघेल.

दूलीचं सरकारी कौतुक तिकिटावर थांबलं नाही. २००३मध्ये बुचन शहरानं त्याला चक्क रहिवासी ओळखपत्र दिलं. कोरियात या नंबरची सुरुवात जन्मतारखेनं होते, म्हणून त्याचा नंबर ८३०४२२ असा सुरू होतो आणि पुढचा १ हा पुरुष असल्याचा. आपल्याकडे फास्टर फेणेला आधार कार्ड मिळालं तर कसं वाटेल, तसंच. स्साँगमुन-दोंग सोलच्या ज्या दोबोंग भागात येतं, तिथं २०१५पासून दूलीचं संग्रहालयही आहे. आणि एक गंमत: लहानपणी दूलीच्या बाजूनं असलेली पिढी आता नोकरी-हप्त्यांच्या वयात आली, आणि तिला अचानक गो गिल-दोंगची दया यायला लागली. तिथं म्हणतातच, गिल-दोंगचं दुःख कळायला लागलं की समजावं आपण मोठे झालो. २०२३मध्ये दूलीचा जुना चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा गिल-दोंगच्या नावानं प्रेक्षकांना एक पत्रही लिहिलं गेलं.

दुसरं तिकीट गोबाऊचं. माझं सगळ्यात लाडकं.

‘गोबाऊ योंगगाम’ म्हणजे गोबाऊ म्हातारबुवा. ‘बाऊ’ म्हणजे खडक. टक्कल, चष्मा, बारीक मिशी, आणि टकलावर उभा असलेला एकच केस. बुवा चिडले, घाबरले, चकित झाले की ते त्या केसावरून कळतं. चित्रकार किम संग-ह्वान. १९५०च्या युद्धात उत्तरेचं सैन्य सोलमध्ये शिरलं, तरुणांना पकडून सैन्यात भरती करू लागलं, तेव्हा अठरा वर्षांचा हा मुलगा माळ्यावर लपून बसला आणि वेळ जावा म्हणून माणसांचे चेहरे काढत राहिला. त्यातून गोबाऊ निघाला. १९५५पासून तो ‘दोंगा इल्बो’त रोज चार चौकटींत येऊ लागला, मग ‘चोसन इल्बो’त गेला, मग ‘मुन्ह्वा इल्बो’त, आणि सप्टेंबर २०००मध्ये थांबला. एकूण १४,१३९ पट्ट्या. रोजच्या पेपरात चिंटू आधी उघडणाऱ्या वाचकाला या आकड्याचं वजन सांगायला नको.

त्यातली एक पट्टी मात्र जवळून बघायला हवी. २३ जानेवारी १९५८. तेव्हा अध्यक्ष सिंगमन री यांचं निवासस्थान होतं ग्योंगमुदे. काही महिन्यांपूर्वीच एका भामट्यानं ‘मी अध्यक्षांचा दत्तक मुलगा’ असं सांगून गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून पाहुणचार उकळला होता. गोबाऊच्या चौकटीत दोन मैला वाहणारे चाललेत. समोरून तिसरा तसाच एक येतो. त्या दोघांतला एक जण कमरेत वाकून म्हणतो, ‘आपली स्वारी निघाली वाटतं?’ तो पुढे गेल्यावर दुसरा विचारतो, ‘हे कोण बडं प्रस्थ?’ उत्तर मिळतं, ‘शू! ग्योंगमुदेचे संडास साफ करणारे साहेब आहेत ते.’

बस, एवढंच. किम यांना पकडून नेलं, खटला झाला आणि ४५० ह्वान दंड बसला.

त्याच गोबाऊच्या पन्नाशीला, २०००मध्ये, त्याच देशाच्या पोस्टानं तिकीट काढलं. आणि २०१३मध्ये या पट्ट्यांची मूळ चित्रं राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदली गेली. त्यांच्याबरोबर किम योंग-ह्वान यांचं १९४६चं ‘ससा आणि माकड’ आणि किम जोंग-रे यांचं ‘आईच्या शोधात तीस हजार ली’ हीसुद्धा. ‘ली’ हे अंतराचं जुनं माप.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅनही १९५०च्या दशकातलाच, तोही टकल्या, चष्मेवाला, रोज पहिल्या पानावर. आपल्या पोस्टानं त्याला तिकिटावर आणलं ते १९८८मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या १५० वर्षांच्या निमित्तानं. फरक एवढाच की आपल्याकडे मान पेपरला मिळाला आणि कॉमन मॅन त्यात आला, तिथं गोबाऊला स्वतःच्या नावावर मिळाला. ही दोन तिकिटं मी एकाच पानावर लावलीत. प्रदर्शनात लोक हमखास त्या पानापाशी थांबतात.

२०११च्या पोरोरोच्या तिकिटांबद्दल नक्की विचारणा होईल, म्हणून दोन ओळी. पोरोरो हा निळा पेंग्विन मूळचा टीव्हीवरचा, कॉमिकमधला नव्हे. तिकिटं रंगीबेरंगी, मुलांना आवडतात, घ्यायला हरकत नाही. शुद्ध कॉमिक्सचा संग्रह असेल तर मात्र तो पाहुणा आहे हे लक्षात असू द्या. एक मजेशीर बाब अशी की त्याच्या सुरुवातीच्या भागांच्या कामात उत्तर कोरियाच्या एका संस्थेचाही हात होता, त्यामुळे पेंग्विनचं राजकारण झालं होतं. कोरियन पोस्ट आणि राजकारण तसे जन्मापासूनचे सोबती. १८८४मध्ये पहिलं पोस्ट ऑफिस सुरू झालं आणि त्याच्या उद्घाटनाच्या मेजवानीतच सत्तापालटाचा उठाव झाला. काही दिवसांत ऑफिस बंद, आणि छापलेली तिकिटं तशीच पडून.

आता खरं-खोटं.

पहिली गोष्ट, उत्तर की दक्षिण. तुम्हाला हवीत ती दक्षिण कोरियाची. त्यावर कोरियन लिपीत ‘देहानमिनगुक’ आणि रोमन लिपीत नुसतं ‘कोरिया’ असतं. रोमन लिपीत आधी डी-पी-आर ही अक्षरं दिसली की ते उत्तरेचं. उत्तरेची तिकिटं बनावट नसतात, पण ती बरीचशी परदेशी संग्राहकांना विकण्यासाठीच निघतात आणि हा वेगळाच विषय आहे. विक्रेते दोन्ही एकाच पाकिटात टाकतात.

दुसरी, ‘माय स्टॅम्प’. आपल्याकडे फोटो देऊन स्वतःचं तिकीट छापून मिळतं, तशी सोय कोरियातही आहे. त्यात खरं तिकीट असतं एका बाजूला, आणि वेबटूनचं किंवा गायकाचं चित्र असतं शेजारच्या जोडपट्टीवर. किंमत छापलेली असते ती तिकिटावर, चित्रावर नाही. असा माल वाईट नाही, पण ‘कोरियन सरकारनं या वेबटूनवर तिकीट काढलं’ असं सांगून दामदुप्पट मागत असतील तर पैसे परत खिशात घाला.

तिसरी, निव्वळ थापा. कुठल्या तरी फुटीर प्रदेशाच्या किंवा न ऐकलेल्या बेटाच्या नावानं छापलेले रंगीत कागद. यातला अजरामर किस्सा १९९४चा: अब्खाझियाच्या नावानं मार्क्स आणि लेनिन यांच्या जोडीची तिकिटं निघाली, पण मार्क्स होता विनोदवीर ग्राउचो आणि लेनिन होता बीटल्सचा जॉन लेनन. तो उघड विनोद होता, म्हणून गोड वाटतो. कार्टूनच्या नावानं येणाऱ्या बाकीच्या कागदांत विनोद नसतो, नुसती विक्री असते.

पडताळणी कशी? २००२पासूनच्या तिकिटांसाठी जागतिक टपाल संघटनेची क्रमांक-नोंद आहे, तिला संग्राहक डब्ल्यूएनएस म्हणतात. देशांच्या पोस्टांनी स्वतः कळवलेली तिकिटं त्यात चित्रासकट असतात आणि ऑनलाइन फुकट बघता येतात. दक्षिण कोरियाचे क्रमांक के-आर या अक्षरांनी सुरू होतात. पण नीट ऐका: दूली १९९५चा आणि गोबाऊ २०००चा, म्हणजे ते त्या यादीच्या आधीचे. तिथं सापडले नाहीत म्हणून खोटे ठरत नाहीत. त्यांच्यासाठी स्कॉट किंवा मिशेलचा कॅटलॉग, म्हणजे जगभरच्या तिकिटांची छापील यादी, उघडायचा. गावातल्या तिकीट-संग्राहक मंडळात एखादी जुनी प्रत असतेच, बघायला कुणी नाही म्हणत नाही.

तिकिटावरच्या किमतीवरूनही काळ ताडता येतो. साध्या पत्राचा दर २०१३मध्ये ३०० वॉन झाला, २०१९मध्ये ३८०, २०२१मध्ये ४३०. म्हणून कुणी ४३० वॉनचं तिकीट दाखवून ‘नव्वदच्या दशकातलं, दुर्मीळ’ म्हणालं तर हसून पुढे जा.

दुर्मीळवरून आठवलं. ही तिकिटं लाखांच्या संख्येत छापलेली आहेत. मिंट म्हणजे न वापरलेलं, गोंदासकट, चार कोपरे शाबूत असं तिकीट मिळायला अवघड नाही, त्यामुळे डाग पडलेलं, दात तुटलेलं काहीही ‘चालेल’ म्हणून घेऊ नका. शक्य असेल तर एकेक सुटं न घेता चौकोनी चौकडी, म्हणजे ब्लॉक, आणि सोबत प्रथम दिवस आवरण घ्या, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेला लिफाफा. आवरणावरचा शिक्का स्वच्छ वाचता आला पाहिजे.

आणि कृपा करून फोटो अल्बममध्ये ठेवू नका. हे मी पोळल्यामुळे सांगतोय. माझा एक कोरियन ब्लॉक मी फोटो अल्बमच्या चकचकीत प्लॅस्टिकच्या खिशात ठेवला होता, तोही बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात. जुलैत ठेवला, गणपतीच्या आधी काढायला गेलो तर मागचा गोंद प्लॅस्टिकला असा धरून बसला होता की चिमट्यानं सोडवताना ‘टर्र’ असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून ग्लासीनची (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची) पाकिटं, तिकिटांसाठीचं खास स्टॉकबुक, ते कपाटात उभं, आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी. तिकीट बोटानं उचलायचं नाही, चपट्या टोकाचा चिमटा घ्यायचा. मुलीला तिकिटांबरोबर एक बरा चिमटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंगही द्या. भिंगातून छपाईचे नीटस ठिपके बघायची सवय लागली की घरगुती प्रिंटरवरचा शाईचा फवारा तिला कुणी न शिकवता ओळखता येईल.

शेवटी प्रदर्शन. एका फ्रेममध्ये १६ पानं बसतात, नवख्यांसाठी एक फ्रेम पुरे. थिमॅटिक, म्हणजे एकाच विषयावरच्या संग्रहांच्या, गटात गेलात तर पानावर टपालाचंच साहित्य लागतं: तिकीट, आवरण, शिक्का, छापील पोस्टकार्ड. कॉमिकचं पान तिथं चालत नाही, परीक्षक गुण कापतात. तुमच्या मुलीसाठी ‘ओपन फिलाटली’ हा गट मला जास्त योग्य वाटतो. त्यात निम्मं साहित्य टपालाचं असलं की बाकी अर्धं इतर चालतं. म्हणजे गोबाऊच्या तिकिटाखाली चार चौकटींच्या पट्टीची कहाणी, दूलीशेजारी त्याच्या ओळखपत्राची माहिती, सगळं बसतं. पानावरचा मजकूर तीन-चार ओळींचाच ठेवायचा. उभ्या उभ्या वाचणाऱ्याला त्याहून जास्त वाचवत नाही. आणि मुलांच्या फ्रेममध्ये बापाचं हस्ताक्षर परीक्षकांना लांबून ओळखू येतं, तेव्हा तुम्ही फक्त कात्री धरा.

सोळावं पान कसलं करावं, असा प्रश्न पडला तर एक सुचवतो. गोबाऊचे किम संग-ह्वान स्वतः तिकिटांचे मोठे शौकीन होते. प्रथम दिवस आवरण घ्यायचं, ते ओळखीच्या चित्रकारापुढे ठेवायचं आणि लिफाफ्याच्या डाव्या मोकळ्या जागेत त्याच्याकडून हातानं चित्र काढून घ्यायचं, असा त्यांचा अनेक वर्षांचा छंद होता. अशा चित्राला तिथं ‘कासे’ म्हणतात. २०१९मध्ये किम गेले, तोवर त्यांच्याकडे नामवंत चित्रकारांच्या अशा लिफाफ्यांचा मोठा संग्रह झाला होता. तुमच्या मुलीलाही एक जाडसर पांढरा लिफाफा द्या. डावीकडे तिच्या मनातलं पात्र तिनं काढायचं, उजवीकडे आपलं भारतीय तिकीट लावायचं, स्वतःचाच पत्ता लिहायचा. फक्त पेटीत टाकू नका, मशीनचा शिक्का फराटा मारून जातो. हेड पोस्ट ऑफिसच्या फिलाटेली काउंटरवर न्या, आणि ‘हातानं, कोपऱ्यावर, हलकासा मारा’ म्हणून सांगा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गेलात तर बाबू जरा निवांत असतात.